गुरुवारचं बंद दार

आमच्या इमारतीत एके काळी अशी कुजबुज होती, की इंजिनीअरीणबाई दर गुरुवारी दुपारी घड्याळकाकांच्या घरी जातात, बेडरूममध्ये शिरतात आणि दार आतून लावून घेतात.

हा "आतून" कोणी घातला कोण जाणे. जिना चढता चढता गोष्टींना असे शब्द चिकटतात. पहिल्या मजल्यावर नुसतं दार लागत होतं, दुसऱ्यावर त्याला कडी बसली, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांपर्यंत पोचेतो खिडकीचे पडदेही ओढले गेले होते. मी दुसऱ्या मजल्यावर, काकांच्या अगदी समोरच्या दारात राहतो. त्यामुळे या विषयातला जाणकार म्हणून लोक माझ्याकडे वाटी घेऊन साखर मागायला येत. घरात डबाभर साखर असलेलेसुद्धा.

"पण बाई तर त्यांना काका म्हणतात," मी म्हणायचो.

"सुरुवातीला सगळ्याच म्हणतात," तळमजल्यापासून गच्चीपर्यंत हेच उत्तर.

घड्याळकाका विधुर. रस्त्यापलीकडे घड्याळदुरुस्तीचं कपाटाएवढं दुकान. डोळ्याला लावलेलं भिंग काढायला विसरून घरी यायचे आणि जिन्यात समोर आलेल्या माणसाला एका डोळ्याने भलताच मोठा करून बघायचे. बोलणं इतकं हळू, की ऐकायला आपणच पुढे वाकावं. पण एक खोड होती. कुठे काही बिघडलेलं दिसलं, की न सांगता, न विचारता दुरुस्त करून टाकायचे. माझी दारावरची बेल घसा बसल्यासारखी वाजायची. एके दिवशी खणखणीत वाजायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, आपोआप बरी झाली. पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, मी बाजारात गेलो असताना काकांनी ती उघडून साफ केली होती. आभार मानायला गेलो तर चोरी पकडल्यासारखे लाजले.

ही खोड लक्षात ठेवा. ती आमच्या जिवावर बेतणार होती.

आता बाई. कोणाच्याही घरी गेल्या, की यजमानाच्या आधी छताकडे बघायच्या. माझ्या बायकोला वाटायचं, या जळमटं शोधतात. त्या येणार म्हटलं की आमच्या पंख्याची पाती पुसली जायची. बांधकामाचा भार कशावर कसा पेलायचा, खांब किती जाड, तुळई किती खोल, हे ठरवायचं त्यांचं काम. कॉलेजात त्यांना भाषणाला बोलवायचे. मुलं विचारायची, "मॅडम, या क्षेत्रात यायची प्रेरणा कशातून मिळाली?" मुलांना वाटायचं, आता एखादा अजस्र पूल तरी येणार, नाहीतर ढगात घुसलेला मनोरा.

"आमच्या घरातलं एक दार," बाई सांगायच्या.

मुलं हसायची. बाई हसायच्या नाहीत.

त्या शाळेत असताना त्यांच्या घरातलं एक दार फरशीला घासायला लागलं. वडिलांनी रंधा आणून खालची कड तासली. काही महिने बरे गेले, पुन्हा घासायला लागलं, पुन्हा रंधा. आई म्हणे, दमट हवेने लाकूड फुगतं. शेजारीही तेच म्हणत, कारण तोच रंधा त्यांच्याकडेही फिरत होता. एक दिवस या मुलीने दार लावून वरच्या फटीकडे बघितलं. एका टोकाला बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या टोकाला केस जाणार नाही.

"बाबा, लाकूड फुगलं असतं तर फट दोन्हीकडे सारखी कमी झाली असती ना? दार नाही हलत. भिंत हलतेय."

"अभ्यास झाला का तुझा?" वडील म्हणाले आणि तासत राहिले.

पुढे कोणीतरी एका इंजिनीअरला बोलावलं. त्याने जिन्यातल्या भेगेवर आडवी एक काचेची पट्टी चिकटवली, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट बसवून. मुलीने विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "भेग जुनी आहे की अजून वाढतेय, ते डोळ्याला कळत नाही. भिंत जरा जरी हलली तरी काच फुटेल. काचेला वाकता येत नाही." त्याच आठवड्यात काच फुटली. सगळ्यांना बाहेर काढलं. बाईंचं कुटुंब गाठोडी घेऊन मावशीकडे गेलं ते परत आलंच नाही, कारण परत यायला इमारत उरली नव्हती.  वडिलांनी तो रंधा मुलीला देऊन टाकला. आजही तो बाईंच्या टेबलावर नकाशे उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

बाईंचे यजमान आर्किटेक्ट. कायम पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलायला लागले की हात हवेत खिडक्या काढत सुटायचे. त्यांची प्रेरणा वेगळी. लहानपणी एका अंधाऱ्या खोलीत राहायचे. झरोका एकच. दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा आणि त्यात बसण्यावरून भावंडांची मारामारी व्हायची. तेव्हाच ठरवलं म्हणे, मोठेपणी लोकांना उजेड द्यायचा. माणूस सच्चा होता. फक्त भिंत दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

"तुला भिंत दिसली की पाडावीशी वाटते," बाई म्हणायच्या.

"आणि तुला तिला मिठी मारावीशी वाटते," ते म्हणायचे.

दोघं राहायचे तिसऱ्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर. हे भांडण मला छतातून रोज ऐकू यायचं, आणि माझ्या माहितीप्रमाणे दोघांनाही ते आवडायचं.

मग आमच्या तळमजल्यावर फर्निचरची शोरूम आली. तिचं काम आर्किटेक्टसाहेबांनी केलं. मधली एक जुनी भिंत काढून टाकली, दर्शनी बाजूला मजल्याएवढी काच लावली. आत उजेडच उजेड. लोक सोफा घ्यायला नाही, नुसतं बसायला जायचे. इमारतीच्या जुन्या नकाशात ती भिंत नुसती आडोशाची दाखवलेली होती. म्हणजे वरचं ओझं तिच्यावर नाही, पाडली तर बिघडत नाही.

काही महिन्यांनी बाई मनगटावरचं घड्याळ दाखवायला काकांच्या दुकानात गेल्या. काका म्हणाले, "बाई, कोणाला सांगू नका, लोक हसतील. माझ्याच घरातलं लंबकाचं घड्याळ बंद पडतंय. सरळ लावतो, चार दिवस चालतं, परत बंद. सगळं उघडून बघितलं. घड्याळात दोष नाही."

"कुठल्या भिंतीवर आहे?" बाईंनी विचारलं.

काकांनी सांगितलं. बाई स्वतःचं घड्याळ तिथेच टाकून उठल्या.

काकांच्या बेडरूमची ती भिंत शोरूममधल्या काढून टाकलेल्या भिंतीच्या बरोबर वर येत होती, मधे पहिल्या मजल्यावर आमच्या सोसायटीच्या चेअरमनची बेडरूम. भिंतीवर एक तिरकी भेग होती. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्या संध्याकाळी वरून नेहमीचं भांडण ऐकू आलं नाही. हळू आवाज आले. हळू आवाज मला आवडत नाहीत. एक तर नीट ऐकू येत नाहीत, आणि त्यांत गंमतही नसते.

"प्लास्टरची भेग असेल. नकाशा बघितलास ना तू?"

"नकाशा बघितला. भिंतही बघितली."

"म्हणजे मी चुकलो, असंच ना?"

"मी काच लावते. काच सांगेल."

ठरलं असं: काच फुटली तर भिंत खाली बसते आहे, लगेच सगळ्यांना बाहेर काढायचं. आणि नवऱ्याने इतकी वर्षं कमावलेलं नाव त्या दिवशी मातीत. काच काही आठवडे टिकली तर भेग जुनी, नुसती बुजवून टाकायची. तोवर उगाच घबराट नको म्हणून बाईंनी काकांना कोणापाशी न बोलण्याची शपथ घातली. शपथ घालायची गरज नव्हती, ते एरवीही कोणाशी बोलायचे नाहीत. आणि माणूस बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या वतीने इमारत बोलायला लागते.

बाईंनी घरातल्या जुन्या तसबिरीच्या काचेची पट्टी हातानेच तोडली आणि भेगेवर बसवली. बसवताना तिच्या धारेने बोट कापलं. खाली ओल्या प्लास्टरवर तारीख कोरली.

पहिला गुरुवार: काच शाबूत. दुसरा: शाबूत. पुढचाही. नवरा रोज विचारेनासा झाला, शीळ घालायला लागला. बाई मला नंतर म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, मी चुकलेली असावी." पण लंबकाचं घड्याळ? ते काका दर चार दिवसांनी सरळ करतच होते. काच म्हणत होती भिंत स्थिर आहे, घड्याळ म्हणत होतं नाही. बाईंना झोप लागेना. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. इमारतीने त्याचाही अर्थ लावला.

मग तो गुरुवार आला. चेअरमन जेवून बनियन-लेंग्यातच शोरूममध्ये सोफ्यावर पाय पसरून बसला होता. आर्किटेक्टसाहेब तिथे आले. चेअरमन म्हणाला, "साहेब, तुम्ही एवढा उजेड केलात, पण दिव्याखालीच बघत नाही. आज वार कोणता आहे?"

मी जिन्यात होतो. हातात रिकामी वाटी होती, आता खोटं कशाला सांगू. काच साहेबांना ठाऊक होती, पण गुरुवारच्या बंद दाराची कुजबुजही त्यांच्या कानांवर आली होतीच; ते माझ्या अंगावरून दोन दोन पायऱ्या चढत गेले. काकांचं बाहेरचं दार उघडंच होतं. आतलं बंद.

आत त्या वेळी काय चाललं होतं, ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं जुळलं. बाई भिंतीपाशी वाकल्या होत्या. काच शाबूत. तारीख त्यांच्याच अक्षरातली. सवयीने त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं नाही. कड गुळगुळीत होती, घासून गोल केलेली.

"काका," बाई म्हणाल्या, "ही काच कोणी लावली?"

काका पार शरमले. "बाई, चूक झाली. तुमची काच फुटली. वाऱ्याने दार आपटतं ना, त्याची मूठ लागली असणार. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी दुसरी बसवली. दुकानातली आहे, तुमच्यापेक्षा चांगली आहे. कडा मारल्यात."

"आणि तारीख?"

"तबकडीवर आकडे काढायचा हात आहे माझा," काका म्हणाले. अजूनही त्यांना वाटत होतं, चूक काय ती काच फोडण्याची.

तेवढ्यात साहेबांनी दार ढकललं. ढकललं कसलं, लाथाडलं. बाई उडी मारून बाजूला झाल्या. दार धाडकन जाऊन थांबलं.

"काय चाललंय इथे?" साहेब ओरडले.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खाली बसल्या आणि दार आणि भिंत यांच्यामध्ये डोकावल्या. फरशीवर रबराचा अडसर बसवलेला होता. दार भिंतीपासून चार बोटं अलीकडेच थांबलं होतं.

"परत आपट," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दार. परत आपट. जोरात."

बायकोला जाब विचारायला आलेला माणूस हो तो. पण त्या आवाजात असं काहीतरी होतं, की त्याने दार ओढलं आणि पुन्हा आपटलं.

"अजून जोरात!"

तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा माझ्या हातातली वाटी पडली. काचेला चराही गेला नाही. मूठ काचेपर्यंत पोचतच नव्हती.

"काका, किती वेळा बदललीत?"

"फुटेल तेव्हा. दर आठवड्याला. या आठवड्यात दोनदा." काका एकदम थांबले. हळूहळू त्यांच्याही चेहऱ्यावरचा रंग उतरला. "दारही घासत होतं थोडं. ते मी तासलं."

बाईंनी डोळे मिटले. कुठला रंधा त्यांना दिसला असेल, ते मी सांगायला नको. मग उघडले आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि धावत खाली गेला.

"सगळ्यांना बाहेर काढा," बाई मला म्हणाल्या. "आत्ता. सामान नको. या बाजूची घरं आधी."

आता बघा, कुजबुज काय करते ते. मी जिन्यात ओरडलो, सगळे बाहेर आले, आणि हसायला लागले. "नवऱ्याने पकडलं वाटतं!" "म्हणून आता इमारत पडतेय होय!" चेअरमन पहिल्या मजल्यावर स्वतःच्या दारात हात कमरेवर ठेवून उभा. "बाई, घरचं भांडण घरात ठेवा. आमची दुपारची झोपायची वेळ आहे."

बाई जिन्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.  "मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा. आधी प्रत्येकाने आपल्या बेडरूमचं दार लावून बघा. एवढंच करा. लागलं तर मी माफी मागते."

लोक गेले, कारण माफी बघायला सगळ्यांनाच आवडते. मग एकेका घरातून आवाज यायला लागले. घासल्याचे, रेटल्याचे, "अगं, हे कधीपासून?" असे. परतले तेव्हा कोणी हसत नव्हतं. मुलं काखेत घेऊन सरळ खाली निघाले.

"आमचं उत्तम लागतं!" चेअरमन आतून गरजला. "हे बघा!" आणि खांद्याने रेटून त्याने दार लावलं.

लागलं. पण मग उघडेना.

बाहेरून त्याची बायको, आतून तो, दोघं ओढताहेत, ढकलताहेत. चौकटीच्या वरून बारीक रेती गळायला लागली. दोघं तरुण दार फोडायला धावले, तशा बाई किंचाळल्या, "हात लावू नका! चौकट दबून दारावर बसलीय. आत्ता त्या दाराचाच टेकू आहे. फोडलंत तर भिंत अंगावर येईल!"

आतला आवाज बंद झाला. मग अगदी बारीक, शाळेतल्या मुलासारखा आला. "मग मी काय करू?"

"खिडकीत या. हळू. दाराला पाठसुद्धा टेकू नका."

"आता तरी ऐका हो जरा," बायको रडत म्हणाली.

खाली साहेबांनी शोरूम रिकामी केली होती. खोटं छत उचकटून वर बघितलं होतं, डोक्यापासून बुटापर्यंत चुन्याने माखले होते. शोरूममधली शिडी त्यांनीच खिडकीला लावली, त्यांनीच धरली. बनियन आणि लेंग्यातला चेअरमन सगळ्या रस्त्यादेखत एकेक पायरी उतरायला लागला. अर्ध्यावर आला तेव्हा साहेब वर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती भिंत आडोशाची नव्हती. वरचं सगळं ओझं तिच्यावर होतं. नकाशा चुकीचा होता, आणि मी उघडून न बघता पाडायला लावली. माझी बायको बघत होती, ते हे."

चेअरमन शिडीवर तसाच लटकून राहिला. खाली शिडी कोणाच्या हातात आहे, ते त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं.

"उतरा," साहेब म्हणाले. "धरलीय मी."

बाईंनी फोन करून बोलावलेले कामगार लोखंडी टेकू घेऊन आले. बाई स्वतः आत गेल्या. साहेब मागोमाग जायला लागले तर म्हणाल्या, "एकाने तरी बाहेर राहा." ते बाहेर राहिले नाहीत. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे.  आतून हातोड्याचे ठोके येत होते. मग ठोके थांबले, इमारतीतून दाढ उपटताना येतो तसा एक आवाज आला, आणि शोरूमची ती मजल्याएवढी काच वरपासून खालपर्यंत तडकली. बाईंना कोणीतरी हाक मारली. उत्तर नाही. काकांनी माझा दंड धरला होता. त्याचे वळ नंतर किती दिवस होते.

मग आतून बाईंचा आवाज आला. "बसली टेकूवर! अजून एक द्या इकडे!"

साहेब दारात आले, पायरीवर बसले आणि चुन्याने भरलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

इमारत पडली नाही. आम्ही काही महिने नातेवाइकांच्या घरी त्यांची परीक्षा बघत राहिलो, तोवर खाली नवी तुळई बसली. शोरूमचा उजेड निम्मा झाला. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत चेअरमन उभा राहिला. "मी तेव्हाच म्हणत होतो. बघा, काही झालं का? उगाच सगळ्यांना बाहेर काढलं!"

मला वाटलं, बाई आता भडकणार. त्या फक्त म्हणाल्या, "हो, काही झालं नाही," आणि मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. साहेबांच्या कामाचे लोक फोटो काढतात. बाईंचं काम नीट झालं की दाखवायला काहीच नसतं.

साहेब आता भिंतीला हात लावायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर परवानगी मागतात. भांडणं पूर्ववत सुरू आहेत, छतातून स्पष्ट ऐकू येतात. घड्याळकाकांनी न विचारता दुरुस्ती करणं सोडलं. माझी बेल पुन्हा घसा बसल्यासारखी वाजते, पण मी सांगत नाही. त्यांचं लंबकाचं घड्याळ चालू आहे.

कुजबुज मात्र गेली नाही. गच्चीवर अजून कोणी नवीन भाडेकरू आला की त्याला ती ऐकवली जाते, पडद्यांसकट. माझ्याकडे साखर मागायला आलात तर मीही खुलवून सांगेन. पण खरं एवढंच आहे. भेग दारामागच्या भिंतीवर होती. दार उघडलं की ते तिच्यासमोर यायचं आणि ती झाकली जायची. म्हणून बाई दार लावायच्या. त्या दाराला आतून कडी नव्हती.